आजोबांच्या झडपेसाठी शोधलेली वाट

तुमच्या आजोबांच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे, हे झाशीतच कळलं होतं. दिल्लीचे डॉक्टर म्हणाले, छाती उघडणं त्यांच्या फुप्फुसांना सोसणार नाही. नवी झडप घडी करून, बारीक नळीतून, जांघेतल्या धमनीवाटे वर न्यायची. फक्त ती धमनी पुरेशी रुंद हवी.

मी सगळे कागद तारखेनुसार लावून नेले होते. डॉक्टरांनी विचारलं, "बाबूजी, चलते-चलते पैर दुखता है?"

"बिलकुल नहीं."

मीही भर घातली, "रोज सीपरी बाज़ार पैदल जाते हैं. बस, हर दूसरी दुकान पर रुककर गप्पें मारते हैं."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "माताजी, कभी बिना रुके जाते देखा है?"

मला आठवेना. आधी पानवाला, मग शिंपी, मग भांडीवाला. बोलघेवडे म्हणून घरात आपण सगळेच त्यांना चिडवत आलो.

स्कॅनमध्ये दिसलं, दोन्ही पायांच्या धमन्यांत चुन्यासारखे कडक थर साचले होते. जांघेतून नळी जाणार नव्हती. डावीकडे, गळ्याजवळच्या हाडाखालून जाणारी धमनी मोजून बघतो, असं सांगून डॉक्टर आत गेले. तीही अरुंद निघाली तर काय, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

बाहेर बाकावर मी म्हटलं, "पोटरी दुखायची, म्हणून थांबत होतात. लपवलंत ना?"

"सांगितलं असतं तर तू बाजारच बंद केला असतास."

केलाच असता.

"मेन लाइन बंद असली तर गाडी वळवतात गं, लगेच रद्द नाही करत," हे म्हणाले. जन्मभर रेल्वेत गार्ड होते, आवाज तसाच ठाम. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

दुपारी डॉक्टर हसतच आले, ह्यांच्या गळ्याजवळच्या हाडाखाली बोट टेकवून म्हणाले, "जगह है, माताजी. यहीं से जाएँगे."

मला फाइलची नाडी बांधता येईना. शेवटी ह्यांनीच बांधली.

झडप बसून आता दोन महिने झाले. धाप थांबली आहे. पायांचं दुखणं आहेच, त्यासाठी औषध आणि रोजचं चालणं सांगितलंय. आता बाजारात मीही सोबत जाते. पोटरी धरली की हे सरळ सांगतात, "थांब जरा." आम्ही दिसलो की शिंपी दोन स्टुलं बाहेर काढून ठेवतो.