मोजायला दिली होती

निजामाच्या राज्यात मी राजूरजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. मिसरूड नुकतंच फुटलेलं, डोक्यावर काळी टोपी, आणि आवाज असा की मी पाढे सुरू केले की समोरच्या लिंबावरचे कावळे उठायचे. गाव मला मास्तर कमी आणि करमणूक जास्त मानायचं. खरं सांगतो, तेवढा मान मला पुन्हा कुठं मिळाला नाही.

एके दिवशी वरून उर्दूत हुकूम आला. घरोघर जाऊन विचारा, शिकण्याच्या वयाची लेकरं किती आणि घरी त्यांचा अभ्यास कोण घेतं. लेकरं कमी भरली तर शाळा राजूरला हलणार. राजूर लांब नव्हतं, पण मधे नदी होती, आणि पावसाळ्यात कुठलीच आई पोराला नदीपलीकडं पाठवणार नव्हती. शाळा हलली की गावाचं शिकणं संपलं.

मी ऐटीत निघालो. पहिल्याच दारात विचारलं, "मावशी, लेकरं किती?"

"कुठली लेकरं?" मावशी म्हणाल्या. दोन त्यांच्या पदराला लोंबत होती, तिसरं कणगीमागून डोकावत होतं.

"मंग ही कोण?"

"ही व्हय? ही खेळून राह्यलीत."

त्या गावात कोंबड्या मोजत, कडब्याच्या पेंढ्या मोजत, लेकरू मात्र मोजायचं नाही. नजर लागते. मोजण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर एक लपवायचं. मोजणी अर्धवट राहिली की नजरही लागत नाही. दिवसभर फिरून संध्याकाळी माझ्या हाती जे आलं, त्यानुसार अख्खं गाव निपुत्रिक होतं.

पण मीही कमी नव्हतो. पुढच्या चतुर्थीला राजूरला गेलो, गणपतीच्या पायाशी रेवड्या ठेवल्या आणि पिशवी खांद्याला लावून पुन्हा दारोदार फिरलो. "प्रसाद आणलाय. लेकरामागं एक."

आता काय विचारता! त्याच मावशी म्हणाल्या, "मला चार द्या मास्तर. धाकटं झोपलंय, त्याचीबी द्या." एकीनं तर पोटातल्याचीही रेवडी मागून घेतली. जाता जाता मी दुसरा प्रश्नही टाकत होतो. घरी अभ्यास कोण घेतं, म्हटलं की बाप्ये छाती काढून "मीच" म्हणायचे आणि बायका पदराआड हसायच्या.

गावाच्या टोकाला एक आजी राहायच्या. पाटीलसुद्धा त्यांना वाट द्यायचा. त्यांचा एकुलता नातू माझ्याकडं दुसरीत होता. त्यांनी एकच रेवडी घेतली.

"याचा अभ्यास कोण घेतं, आजी?"

"मीच घेते की."

"तुला कुठं येतंय?" नातू म्हणाला. "काकी घेती."

काकी दाराआड उभी होती. आजींची धाकटी सून, माहेर वाटूरचं, तिथं दुसरीपर्यंत शिकलेली, फार तर तेरा-चौदा वर्षांची. तिनं हळूच विचारलं, "मास्तर, तिसरीचं पुस्तक कसं असतं?"

"चुलीवर भाकर हाय," आजी म्हणाल्या, आणि काकी दिसेनाशी झाली.

रेवड्यांवरून केलेली मोजणी मी थाटात वर पाठवली. थाट जरा जास्त झाला असावा, कारण थोड्याच दिवसांत शाळाखात्याचे साहेब स्वतः घोड्यावरून तपासायला आले. शेरवानी, तुर्की टोपी, चेहरा बिलकुल हसरा नाही. "पोरं रांगेत उभी करा," म्हणाले.

रांग लागली. पाहतो तर काय, प्रत्येक घरानं एकेक लेकरू घरी ठेवलं होतं.

साहेबांनी मोजलं. "मास्तर, कागदावर तर बरीच होती. गेली कुठं?"

"मोजली म्हणून गेली, साहेब."

ते हसले नाहीत. "मग शाळा राजूरलाच बरी," म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं.

आजी देवळाच्या पायरीशी उभ्या होत्या. नातवाला त्या घरात कोंडून आल्या होत्या. त्यांनी पेनाकडं पाहिलं. नातू मोजू द्यावा तर नजर, न द्यावा तर शाळा जाते. त्या दोन पावलं घराकडं गेल्या, थांबल्या, आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेचं मनगट धरून तिला रांगेत आणून उभी केली.

"मोजायचंच असंल तर हिला मोजा. सुनेला नजर लागत न्हाई."

"बराबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. आणि मग एकेका घरातून कोवळ्या सुना येऊ लागल्या, कपाळापर्यंत पदर ओढून. पोरांच्या रांगेला लुगड्यांची रांग जोडली गेली.

"हे काय, मास्तर?"

मी टोपी सारखी केली. "हुकमात शिकण्याच्या वयाचं लेकरू लिहिलंय, साहेब. लग्न न झालेलं, असं कुठं लिहिलंय?"

साहेबांनी हुकूम पुन्हा वाचला. मिशी जराशी हलली. मग त्यांनी शेवटच्या लुगड्यापर्यंत सगळी रांग मोजली आणि शाळा राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी ओसरीवर हजर. हाताला पीठ, काखेत पुतण्याची पाटी. मागोमाग आजी.

"मास्तर, मी हिला मोजायला दिली होती. ठेवायला न्हाई."

"आजी, आता ती सरकारात मोजली गेली. उद्या साहेब पुन्हा आले आणि एक कमी भरलं, तर?"

आजींनी सुनेच्या पिठाच्या हाताकडं पाहिलं. "भाकरी कोण करंल?"

"भाकरीच्या वेळेला सोडतो."

"मी हितंच बसते. बघते सोडता का."

बाकीच्या सुनांपैकी एखाददुसरीच आली, तीही चार दिवस. काकी मात्र येत राहिली, आणि पायरीवर आजी. ऊन वर चढलं की दोघी पुढंमागं घराकडं जायच्या. पुढं पुढं पाढे सुरू झाले की आजींचेही ओठ हलायचे. मला ते दिसायचं. पण मी त्यांना कधी मोजलं नाही.