शेक घेतलेला हात

गर्भपिशवीचा कॅन्सर लवकर सापडला, म्हणून सगळे मला नशीबवान म्हणत होते. ऑपरेशन करून पिशवी काढली, तरी खबरदारी म्हणून डॉक्टरांनी किरणांचा शेक सांगितला. पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, शिरपूरहून एसटीने धुळ्याला.

शेक म्हणावा तर ऊब नाही, चटका नाही. पोटावर खुणा केलेल्या, पाणी पिऊन लघवी धरून ठेवलेली, आणि मी फळीवर उताणी. खुणा जुळवल्या की सगळी माणसं बाहेर निघून जात आणि हातभर जाडीचं दार आपोआप मिटत येई. मग भिंतीतून आवाज यायचा, ‘मावशी, हलू नका.’ मशीन माझ्याभोवती फिरायचं. पिशवी जिथे होती तिथे वाकून बघतंय असं वाटायचं. मला त्याची फार भीती वाटायची.

इतकी शिकलेली माणसं ज्याच्यापासून पळतात ते मी रोज अंगात घेऊन घरी जाते, हे माझं मीच ठरवून टाकलं. विचारलं तर अक्कल निघेल, म्हणून गप्प बसले.

त्यातच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली, सातवा महिना लागलेली. मी तिला जवळच घेतलं नाही. वेगळं ताट, वेगळी खाट, मागच्या खोलीत मी एकटी. पूर्वी कावळा शिवला की बायका अशा बाजूला बसत. पिशवी गेल्यावर मी बसले, आता बोला. दुपारी ती दाराशी येऊन उभी राहायची. तिची सावली माझ्या पायांवर आली तरी मी पाय ओढून घ्यायचे.

‘काय व्हयनं तुले, माय? बठ्ठं बरं शे ना?’

‘बठ्ठं बरं शे. तू दूर ऱ्हाय.’

ती जिथे नऊ महिने वाढली ती जागा आता रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेत काहीतरी धगधगत राहिलंय असं मला वाटे. माझ्यामुळे तिच्या पोटातल्या जिवाला काही झालं तर, या विचाराने डोळ्याला डोळा लागत नसे.

शेवटच्या आठवड्यात मशीन चालवणाऱ्या बाईंना एकदाचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘बटण बंद केल्यावर खोलीत उजेड राहतो का, मावशी? तुमच्या अंगात काही राहत नाही. आजच लेकीला जवळ घ्या.’

घरी आले तेव्हा मुलगी खाटेवर आडवी होती. पोर पोटात उसळत होतं, वरून गाऊन हलताना दिसत होता. मी तळहात ठेवला आणि ते थांबलं. हात काढला, पुन्हा उसळलं. पुन्हा ठेवला, पुन्हा गप्प. मी हात ओढून घेऊ लागले. मुलीने माझा हात दोन्ही हातांनी दाबून धरला. म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, माय.’

आता नात दोन वर्षांची आहे, ठणठणीत. दिवसभर घर डोक्यावर घेते आणि माझ्या मांडीवर आली की एकदम गप्प होते. आजीचा लळा, असं सगळे म्हणतात. मी मात्र दर वेळी तिच्या नाकाशी बोट धरून बघते.