ओ कुठल्या दारानं गेली?

चुलत बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी चार दिवसांची रजा टाकून टेंभुर्णीला गेले होते. मी नेमकं काय काम करते हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मोबाइल कंपनीत आहे, एवढंच. त्यामुळे पोचल्या पोचल्या एका जावईबापूंनी माझ्याकडे सिमकार्ड बदलून मागितलं होतं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळीच सगळ्यांचं इंटरनेट गेलं. फोनवर काड्या पूर्ण, आवाजाची वाट वेगळी असल्यामुळे कॉलही लागत होते, पण व्हॉट्सअ‍ॅप हलेना. मेहंदीवाली फोनवर बघून नक्षी काढत होती. ती मनगटापाशीच अडकली. टॉवरला शिव्या सुरू झाल्या.

माझे काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता थाप मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ते मांडवात उभं राहून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "टॉवरला कामून बोलता? आमच्या बाईनं बंद केलंय. सकाळी चहा गार भेटला तिला."

दहा मिनिटांत माझ्यासमोर वाफाळते तीन कप आणि शंकरपाळ्यांची ताटली आली. शेजारच्या काकू कानाशी येऊन म्हणाल्या, "चालू कर माय, पण आमच्या सुनेचं तेवढं बंदच राहू दे." मी "बघते" म्हटलं आणि शंकरपाळे खात राहिले. खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. रजेवर असले तरी हे माझंच काम होतं. आमच्याकडे एक यंत्र कोणता फोन कुठे आहे याची नोंद ठेवतं आणि दुसरं, गेटवे, त्या फोनला इंटरनेटपर्यंत पोचवतं. दोघांमधल्या दुव्याला आम्ही एस-अकरा म्हणतो. त्यावरून पहिलं यंत्र ठरावीक वेळानं नुसतं विचारतं, "आहेस का?" दुसऱ्यानं "आहे" म्हणायचं. लागोपाठ काही वेळा उत्तर आलं नाही, की पहिलं त्याला मेलेलं समजतं आणि त्याच्याकडे काम पाठवणं थांबवतं. आदल्या रात्री आमच्या भागासाठी नवा गेटवे जोडला होता, आणि तो 'मेला' होता.

दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची. दोघांचे इंजिनिअर कॉलवर भांडत होते.

"आम्ही हाक मारतोय, तुमचं उत्तरच येत नाही."

"प्रत्येक हाकेला उत्तर दिलंय. पुरावा पाठवू का?"

अर्धा तास हेच. माझ्या एका हाताला मेहंदी लागलेली आणि दुसऱ्यात शंकरपाळ्यांची ताटली, म्हणून फोन स्पीकरवर होता आणि माझा माइक चालूच राहिला होता, हे मला काकांनी तोंड उघडल्यावर कळलं.

"अहो साहेब," काका मोठ्यानं म्हणाले, "ह्यानं हाक मारली, तुम्ही ओ दिली, बराबर. पण ओ कुठल्या दारानं दिली? हा पुढच्या दारापाशी उभा अन् तुम्ही मागच्या दारातून बोलून राह्यले, तर ह्याला कसं कळावं, तुम्हीच बोलून राह्यले म्हणून?"

 मी कोपरानं माइक बंद करायला धडपडले.

मग गेटवेवाला पुटपुटला, "एक मिनिट." नव्या गेटवेला दोन पत्ते होते. हाक एका पत्त्यावर यायची आणि उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून जायचं. अनोळखी पत्त्यावरून आलेलं म्हणून पहिलं यंत्र ते फेकून देत होतं. एक ओळ बदलली आणि थोड्या वेळानं मांडवभर फोन टिणटिणू लागले. मेहंदीवाली मनगटावरून पुढे बोटांकडे वळली.

संध्याकाळी माझ्या साहेबांनी विचारलं, "कॉलवर ते गृहस्थ कोण होते?" मी बेधडक लिहिलं, "वरिष्ठ सल्लागार. वाहतूक हाताळण्याचा दांडगा अनुभव." साहेबांनी सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये त्यांचे आभार मानले.

तो मेल काकांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन काकूला तिसऱ्यांदा ऐकवला.

काकू भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन माणसं एकमेकांचं ऐकून घेईनात, हे वळखायला सल्लागार लागतो व्हय? मंग जा आता, गिरणीवरून दळण घेऊन या जल्दी."