तोंड मिटून वाचणारी शाळा

आमच्या गावात शाळा कानानं मोजायचे. मिठागरावर काम करताना पोरांचा आवाज आला की मास्तर शिकवतोय, नाही आला की मास्तर पनवेलला पळाला, इतका साधा हिशेब. मी तिसरीपर्यंत शिकलो आणि तेवढ्या काळात माझ्याइतका मोठा आवाज कुणाचा नव्हता. मास्तर मलाच उभं करायचे. मी एक ओळ ओरडायचो, मागून सगळा वर्ग ओरडायचा. पुस्तक उलटं धरलं तरी माझा धडा अडायचा नाही. हे मी लाजून सांगत नाही. जे शिकवलं ते मी सगळ्यांत चांगलं शिकलो.

पुढे लग्न झाल्यावर एकदा पनवेलला मामलेदार कचेरीच्या भिंतीवर नोटीस लागली होती. खाडीकडची माणसं तिच्यासमोर जमलेली, आणि वाचता येणारा मी एकटा. मी घसा साफ केला आणि पहिल्या अक्षरापासून खालच्या सहीपर्यंत खणखणीत वाचून काढली. लोक माना डोलावत होते. मग एक म्हातारी म्हणाली, "झ्याक वाचलंस रं बाबा. आता काय लिवलंय ते सांग."

मी परत वाचली. आणखी मोठ्यानं.

"आरं, बहिरी नाय मी. आमी काय करायचं ते सांग."

मला सांगता येईना. सगळे शब्द तोंडातून गेले होते, डोक्यात एकही थांबला नव्हता. शेवटी कचेरीतल्या शिपायानं बाहेर येऊन सांगितलं, जमिनीचे कागद घेऊन पुढच्या आठवड्यात या. म्हातारी मला हसली नाही, तेच जास्त लागलं. त्या दिवशी घरी चालत येताना मी ठरवलं, माझं पोर माझ्यासारखं वाचणार नाही. मग कसं वाचणार, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

माझी मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी गावात नवे गुरुजी आले. मुंबई राज्य अजून एकच होतं तेव्हाची गोष्ट. तरुण, किडकिडीत, बोलणं हळू. थोड्याच दिवसांत शाळा गप्प झाली. पाढे ऐकू यायचे, पण त्यानंतर काहीच नाही. मिठागरावर चेष्टा सुरू झाली.

"गुरुजी मेलं का काय?"

"मेलं असतं तर पोरांनी हुर्यो केला असता. झोपलं असंल."

शेवटी पोलीस पाटील आम्हा चौघा-पाचजणांना घेऊन शाळेत गेले. बघतो तर पोरं भिंतीला टेकून बसलेली, प्रत्येकाच्या मांडीवर पुस्तक, तोंडं मिटलेली. गुरुजी एकेकाजवळ बसून हळूच काही विचारत होते.

पाटील म्हणाले, "गुरुजी, पोरं आजारी हायत का?"

"वाचतायत."

"तोंड मिटून?"

"डोळ्यांनी वाचतायत, पाटील."

"मंग वाचतात का झोपतात, आमाला कसं कळायचं?"

"कुणालाही विचारा, काय वाचलं म्हणून."

कुणी विचारलं नाही. काय विचारायचं हेच आम्हाला माहीत नव्हतं. पाटील मिशीवरून हात फिरवत बाहेर पडले आणि आम्ही त्यांच्यामागून.

मी मात्र संध्याकाळी मुलीला ओटीवर बसवलं. म्हटलं, वाच. तिनं धडा काढला. राजाच्या बागेतला आंबा चोरीला जातो आणि राजा माळ्याला बोलावतो, असा काहीतरी. अर्धा वाचून तिनं पुस्तक मिटलं आणि वर कौलांकडे बघत बसली.

"थांबलीस का गं?"

"गुरुजी सांगतात, इथं थांबायचं. पुढं काय होईल ते आधी आपणच सांगायचं."

"मग सांग."

"माळ्यानंच चोरला. राजानं बोलावल्यावर त्यानं आधी हात धुतलं. कशाला धुतलं, बाबा?"

मला काय माहीत कशाला धुतले! तिनं पुढं वाचलं. चोर माळी नव्हताच. माळ्याचे हात मातीचे होते, एवढंच. पोर हसली. चुकली आणि हसली! आमच्या वेळी चुकलं की हातावर छडी. ही मागची पानं उलटून शोधायला लागली, आपण फसलो कुठं. "ही बघा, बाबा, माती इथंच लिवलीय. मी नीट बघितलंच नाय." मी तिच्या डोक्यावरून बघत होतो. ते वाक्य मी लहानपणी शंभरदा तरी ओरडलो असेन.

पुढच्या आठवड्यात पाटील अर्ज घेऊन दारात. गुरुजी शिकवत नाहीत, त्यांची बदली करा. खाली सगळ्या गावाचे अंगठे.

"तू तर सही करणारा. तुज्या सहीनं अर्जाला वजन येईल."

"नाय करणार."

"का? तुजा काय सोयरा लागतो तो?"

"माजी पोर त्याच्याकडं वाचाया शिकतेय."

"कुठं वाचते? आवाज तरी येतो का?"

"आवाज पायजे तर बकऱ्या पाळा, पाटील."

त्या दिवसापासून पाटलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्यामागून गावानंही. मी काही गेलो नाही कुणाच्या दारात समजूत घालायला.

अर्ज पोचला आणि दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला तेव्हा दिपोटीच म्हणायचे. सगळं गाव खिडक्यांना लटकलेलं. साहेबांनी माझ्याच मुलीला उभं केलं आणि पिशवीतून दुसरंच पुस्तक काढून दिलं. ती हळूहळू वाचायला लागली. मधेच थांबली, मागची ओळ परत बघितली. खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "अडली, अडली!"

"अडखळते," साहेब म्हणाले.

मी दारातून बोललो, "साहेब, काय वाचलं ते विचारा तिला."

"आपलं शिक्षण किती?"

"तिसरी. ती पण घोकून."

"मग मधे बोलू नका."

"मी बाप हाय तिचा. बोलणार."

गुरुजींनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मी राहिलो नाही. "विचारा, साहेब," परत म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. "सांग गं, हा व्यापारी कसा आहे?"

"भित्रा हाय."

"पुस्तकात तर लिहिलंय की तो शूर होता."

"तो आपणच सांगतो तसं. पण कडी लावल्यावर दोनदा उठून कडी बघतो ना तो."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं आणि तो भाग स्वतः वाचला. तोंड मिटून. मग वहीत काहीतरी लिहिलं. जाताना गुरुजींना म्हणाले, "ट्रेनिंगला आम्हीही हेच शिकलो होतो. पण अख्खं गाव विरोधात असेल तर मी तरी काय करणार?"

मी म्हटलं, "अख्खं नाय. मी सही केली नाय."

त्यानं काही झालं नाही. दिवाळीनंतर गुरुजींची बदली झाली, तिकडं चिरनेरच्या बाजूला. नवे मास्तर आले आणि शाळा पुन्हा दणाणली. गाव खूश.

माझी मुलगी ओरडायला तयार नव्हती, आणि मीही तिला ओरड म्हणून सांगितलं नाही. महिन्याभरात मास्तर घरी आले.

"तुमची मुलगी वर्गात तोंड उघडत नाही."

"वाचत असंल."

"सगळे म्हणतात तसंच तिनं म्हणायला हवं. नाहीतर मला नाव कमी करावं लागेल."

"करा. ती दारात बसून वाचंल. मी तिच्याबरोबर बसेन. बघू कोण उठवतो."

नाव कमी झालं नाही. रोज संध्याकाळी मी तिला ओटीवर विचारायला लागलो. गुरुजींकडून ऐकलेले प्रश्न तिनंच मला शिकवले होते. तो असं का वागला? पुढं काय होईल? तुला कशावरून वाटतं? उत्तरं मला येत नव्हती, म्हणून तिला मला नीट पटवून द्यावं लागायचं. आणि मी सहजासहजी पटवून घेणारा माणूस नव्हे. कधी कधी जेवणं थंड व्हायची. तिची आई ओरडायची, "त्या पुस्तकातल्या माणसांना पण वाढू का पानं?"

चौथीला मोठ्यानं वाचण्यात तिला वर्गात सगळ्यांत कमी मार्क पडले, आणि पाटलांच्या नातवाला सगळ्यांत जास्त. पाटलांनी ते गावभर सांगितलं. सांगू देत. तेवढे मार्क मी त्यांच्या नातवाला सोडले.