चेन म्हाताऱ्याची पिळाची फुलं

१९८६ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. इकडे परदेशात, श्रूजबरीत लेकाच्या किचनमध्ये भाकरी थापत होतो, तेवढ्यात नात मिनी मागच्या दारानं आली. "आजोबा, ये-ये गेले." ये-ये म्हणजे चिनी भाषेत आजोबा. शेजारच्या चेन म्हाताऱ्याला ती तसंच म्हणायची. वाईट वाटलंच. पण आधी मनात काय आलं सांगू? मी गेलो तर ही पोर एवढी रडेल का...

आता महिना होऊन गेला, म्हणून लिहितो. मी चौथीपर्यंत शिकलेला, गोडगोड लिहिणं जमत नाही.

बायको गेल्यावर मी इकडे आलो. लेक-सून कामावर, त्यामुळे शाळेतून आलेल्या मिनीला गरम भाकरी न् तूप-गूळ माझ्याच हातचं. मग चेन शेजारी त्याच्या लेकाकडे राहायला आला, आणि एका शनिवारी मिनी त्याच्याकडून वाफाळतं पांढरं फूल घेऊन आली. मैद्याचं, खारट, आत कांद्याची हिरवी पात. तेव्हापासून माझी भाकरी ताटात तशीच राहायला लागली.

खोट काढायलाच त्याच्याकडे गेलो. आंबवलेलं पीठ त्यानं लाटलं, तेल, मीठ, पात पसरून गुंडाळी केली, तुकडे कापले. दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध जेवायची काडी दाबली, न् हलकेच पीळ दिला. फूल! पीठ आंबट झालं की चिमूटभर सोडा घालायचा. त्याला मोडकं इंग्रजी यायचं, मला तेवढंही नाही. त्यातही तो पुढे.

मी मिनीला म्हटलं, "विचार त्याला, भाकरी फुगवता येते का?"

तो काहीतरी बोलून हसला. मिनीही हसली. "ते म्हणतात, तुझी फुगते, पण आत रिकामी!"

मग मी घरी इडलीपात्र चढवलं. पातीबरोबर हळद घातली, आपली चव यावी म्हणून, आणि सोडा जरा सढळ. झाकण काढलं तर हळदीला सोडा लागून फुलांवर लालभडक डाग! टाकायला निघालो, तर मिनीनं ताटच चेनकडे पळवलं. त्यांचं नवीन वर्ष तोंडावर होतं, लाल रंग त्यांच्यात शुभ. त्यानं ती फुलं पूर्वजांच्या फोटोपुढे ठेवली, वर अंगणातून ओरडला, "आजोबा, गुड!" माझ्याहून वयानं मोठा, न् मला आजोबा! माझी चूकसुद्धा त्याच्या घरी जाऊन मोठी झाली.

तो गेला त्या संध्याकाळी त्याच्या सुनेनं ती काडी आणून दिली... मिनीच्या हातात. माझ्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ लाटायला घेतलं. मिनी जवळ येऊन उभी राहिली. "आजोबा, तू खूप टाइट पिळतोस. ये-ये थांबायचे."

"मग दाखव."

तिनं काडी दाबली, हलकेच पिळलं, थांबली. हुबेहूब त्याचा हात.

आपल्यात कावळ्याला घास दहाव्याला ठेवतात, पण मला कुठला धीर. वाफवलेली फुलं निवायच्या आत एक माझं फूल न् एक तिचं त्याच्या पोर्चच्या कठड्यावर ठेवून आलो. कावळा आला. आधी कुठलं उचललं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.