ट्रान्सफरची गळती

"खात्री केलीस?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. म्हणून सगळी बाजारपेठ त्याला खात्रीमिस्त्री म्हणायची. दुकानदाराच्या तराजूवर त्याचा भरवसा नव्हता, डॉक्टरच्या निदानावर नव्हता. बायकोने भाजीत मीठ घातलंय म्हटलं तरी तो आधी चाखून बघायचा. तीस वर्षं ट्रकांखाली पाठ टेकलेल्या त्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती: वरून कितीही ठीक दिसो, खाली कुठंतरी ठिबकत असतंच.

सगळ्यात जास्त संशय सख्ख्या धाकट्या भावावर. पूर्वी दोघांचं गॅरेज एकच होतं. चार वर्षांपूर्वी पाने-पकडी हरवण्यावरून थोरला नको ते बोलून गेला. धाकट्याने त्याच दुपारी आपली पेटी उचलली आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं शटर उघडलं. तेव्हापासून दोघांत अबोला.

एके दिवशी लाकडाच्या वखारीची मालकीण आपला जुना ट्रक घेऊन खात्रीमिस्त्रीच्या दारात आली. डोंगरातून ओंडके आणणारी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, आणि बाई ती स्वतः चालवायच्या.

"मिस्त्री, ट्रान्सफर गळतंय. पलीकडे दोनदा सील बदलून झालं."

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागची, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, आणि सील म्हणजे तिच्यातलं तेल अडवणारी रबरी कडी. पण मिस्त्रीच्या कानात अडकलं ते 'पलीकडे'. मनातून त्याला गुदगुल्या झाल्या.

"दोनदा? बाई, सील बदललं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"नाही बुवा. मी काय गाडीखाली शिरू?"

"मग झालं तर!"

त्याने पेटी डिझेलने धुतली, पुसून कोरडी केली आणि वर पावडरीचा डबा उपडा केला. गाडी एक फेरी मारून आली तेव्हा पांढऱ्या पावडरीवर मागच्या शाफ्टपासून तेलाचा काळा ओघळ उतरला होता. म्हणजे मागचंच सील. त्याने शाफ्ट उतरवला, सील उपसलं आणि उजेडात धरलं. सील नवंकोरं होतं, कड शाबूत होती. शाफ्टवर ओरखडा नव्हता, बेअरिंग ढिलं नव्हतं. भावाच्या कामात बोट ठेवायला जागा सापडेना, तेव्हा त्याला जास्तच शंका आली. त्याने स्वतःच्या हाताने दुसरं सील बसवलं.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा दारात. पुन्हा तोच ओघळ.

आता मिस्त्रीची झोप उडाली. सील नकली असेल? बाई तेल जास्त भरत असतील? की आपलं नाक कापायला धाकट्यानेच तेलात काहीतरी मिसळलं असेल? हा शेवटचा विचार त्याला फारच पटला. तेल तपासायचंच म्हणून, इंजिन गरम असतानाच तो खाली शिरला आणि पेटीत तेल भरायच्या तोंडाचं बूच सैल केलं.

फुस्स!

हवा अशी सुटली की तो दचकून मागे सरकला. पेटीत दाब कोंडला होता. तेल तापलं की आतली हवा फुगते. तिला जायला वर एक बारीक रबरी नळी असते. ती बंद झाली, तर हवा सीलमधून तेल रेटत बाहेर काढणारच. सील दहा वेळा बदललं तरी तेच.

चिखलाने तुंबली असेल म्हणून त्याने केबिनखालच्या फटीतून वर हात घातला आणि नळीचं टोक चाचपलं. टोकाला बोल्ट ठोकलेला होता, वरून तार आवळलेली. तारेचं टोक आत दुमडलेलं, हाताला लागू नये म्हणून.

अशी तार तो स्वतःच आवळायचा.

"माझी नक्कल केली हरामखोराने," तो पुटपुटला. पण शब्द तोंडातून निघतानाच आठवलं. गेल्या पावसात बाईंना ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढायची होती. पेटीत पाणी जाऊ नये म्हणून त्यानेच दोन दिवसांपुरता बोल्ट मारला होता. पुढे काढायचा राहून गेला. गळती सुरू झाली तेव्हा बाई आधी त्याच्याकडेच आल्या होत्या, आणि "माल जास्त भरता" म्हणून त्यानेच त्यांना झिडकारलं होतं.

तो बराच वेळ गाडीखालीच पडून राहिला.

"मिस्त्री, झोपलात की काय?" बाईंनी वाकून विचारलं.

त्याने बाहेर येऊन बोल्ट त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

बाईंनी बोल्ट उलटसुलट केला. "आणखी कुठं कुठं मारलेत असे?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थट्टा शोधूनही त्याला सापडली नाही. नवी नळी बसेपर्यंत त्या वाकून बघत राहिल्या.

गाडी गेल्यावर तो हात न धुताच रस्ता ओलांडून गेला. धाकटा टायर काढत होता.

"वखारीच्या गाडीला तू घातलेलं सील बरोबर होतं," थोरला म्हणाला. "चूक माझी होती."

धाकट्याने पाना खाली ठेवला आणि भावाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय पाहिजे तुला?"

"काही नाही."

"नक्की?"

"खरंच काही नाही रे."

धाकट्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः वखारीत गेला, ट्रकखाली कोरा पुठ्ठा सरकवला आणि संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिला. पुठ्ठा कोरडा होता. मग मात्र तो थोरल्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही, पण "चहा घेतलास का?" एवढं विचारलं.