हे कोणाला लागतं?

बाबांनी चौतीस वर्षं एका यंत्रदुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. प्रत्येक खणावर त्यांच्या हातचं कार्ड: वस्तूचं नाव, तिला काय लागतं, ती कोणाला लागते. एकाला जरी लागत असली तरी ती वस्तू भंगारात जायची नाही. आई म्हणायची, या माणसाने लग्नात मलाही कार्ड लावलं असतं.

निवृत्त झाल्यावर ते घरभर नुसते येरझाऱ्या घालू लागले. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी दोनदा लावले, आईने दोन्ही वेळा पुन्हा होते तसे केले. शेवटी मी त्यांना माझा जुना संगणक दिला, त्यावर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून. ती सिस्टिम हौशी मंडळी मिळून चालवतात आणि तिच्यासाठी हजारो लहानमोठे प्रोग्राम, म्हणजे पॅकेजं, यादीत ठेवतात. बाबांनी ती यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. हे स्टोअर आहे की उकिरडा, असं म्हणून शिकायला बसले. आठ महिने खपून एक साधी वेबसाइट केली. ना चित्रं, ना रंग. शोधायला एक चौकोन आणि प्रत्येक पॅकेजचं एक पान: हे काय आहे, याला काय लागतं, हे कोणाला लागतं. शेवटच्या दोन ओळी आपोआप भरायच्या.

जेवायला चार चार हाका माराव्या लागत. एकदा मी वैतागून म्हणाले, "बाबा, तुमची ही साइट तरी कोणाला लागते?"

ते जेवले, ताट धुतलं आणि पुन्हा जाऊन बसले. आपण बोलायला नको होतं हे मला तेव्हाच कळलं, पण तसं म्हणाले नाही.

मग एका शिक्षिकेची मेल आली. त्यांची नजर अधू झालेली; पडद्यावरची अक्षरं मोठी करून दाखवणारं एक जुनं पॅकेज त्या वापरत. ते आता बेवारस होतं, सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं; शुक्रवारी यादीतून काढणार होते, आणि मंडळींनी दाखला दिला होता तो बाबांच्याच पानाचा. "तुमच्या पानावर लिहिलंय, हे कुणालाच लागत नाही," बाईंनी लिहिलं होतं. "मला लागतं."

चूक बाबांचीच होती. कारखान्यात सुटा भाग लागतो तो यंत्राला, म्हणून इथेही त्यांनी एका पॅकेजला दुसरं लागतं का एवढंच पाहिलं. माणसं धरलीच नव्हती. त्या दिवशी त्यांनी ताटाला हात लावला नाही. आईने विचारलं, "त्या बाई तुमच्या कोण लागतात, की जेवण सोडलंत?" एरवी बाबा हसले असते. मला त्यांच्याकडे बघवेना.

बाबांनी विचारल्यावर मंडळींनी कळवलं, सांभाळणारा मिळाला तर ठेवू. तीन दिवस बाबा त्या पॅकेजच्या मागे हात धुऊन लागले, आणि मी शेजारी बसून अडलेलं शोधून देत राहिले. याआधी कधी पॅकेज सांभाळलंय का, असं मंडळींनी विचारलं. नाही, पण स्टोअर सांभाळलंय, असं बाबांनी कळवलं. गुरुवारी दुपारी सांभाळणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव लागलं.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. प्रत्येक पानावर आता एक ओळ वाढली होती. तिच्यात ज्याला हवं त्याने स्वतःचं नाव घालायचं. त्या पॅकेजच्या पानावर लिहिलं होतं: पॅकेजांना, कुणालाच नाही. माणसांना, एक.

"एकच?" मी म्हणाले.

"एकाला लागतं ना," बाबा म्हणाले, "मग भंगारात नाही जायचं."